वासराचा पहिला सुका घास

आजच्या भागात किल्ला नाही, लढाई नाही आणि तहही नाही. आज आहे पेंढा. हो, भाताचा पेंढा, गवत, कोंडा आणि त्यातलं वासराच्या वाट्याला काय येतं हा प्रश्न. "हा काय इतिहासाचा विषय झाला?" असं कुणाला वाटलं तर दहा मिनिटं ऐका आणि मग ठरवा. (ज्यांनी भाग ऐकलाय आणि आता इथे वाचताय त्यांच्यासाठी: बोलताना मी दोनदा गाडी भलतीकडे नेली होती, ती लिहिताना थोडी वळवून घेतली आहे. सगळी नाही.)

सुरुवात घरातूनच करते. माझी आत्या श्रीवर्धन तालुक्यात राहते. समुद्रापासून चालत पंधरा मिनिटं. सुपारीची थोडी वाडी, भाताचे चार तुकडे, एक जर्सी संकरित गाय. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग चक्रीवादळ त्याच पट्ट्यात जमिनीवर आलं. सुपाऱ्यांचं काय झालं ते तुम्ही फोटोंत पाहिलं असेल, माना मोडल्यासारखी झाडं. गोठ्याचे पत्रे शेजाऱ्याच्या विहिरीपलीकडे जाऊन पडले. पण आत्या आजही वादळाची गोष्ट सांगते तेव्हा पत्र्यांपासून सांगत नाही. ती उडवीपासून सांगते. कोकणात पावसाच्या चार महिन्यांची वैरण मेअखेर भरून ठेवलेली असते. म्हणजे वर्षातल्या नेमक्या ज्या आठवड्यात पेंढ्याची उडवी सगळ्यात उंच असते, त्याच आठवड्यात वादळ आलं. उडवीचं डोकं उडालं, आत पाणी गेलं, मागोमाग पाऊस सुरू झाला. आठ दिवसांत आतला पेंढा काळा पडला आणि त्याला बुरशीचा वास यायला लागला.

गाय मोठी, ती निभावली. पडलेल्या केळी होत्या, फणसाचा पाला होता. पण गोठ्यात पाच आठवड्यांची कालवडही होती. कोवळ्या पोटाला बुरशीचा पेंढा नको, असला-तसला पाला नको, म्हणून आत्याने तिला दूध आणि पोत्यातलं तयार खाद्य एवढ्यावरच ठेवलं. पीठ म्हणावं इतकं बारीक दळलेलं खाद्य होतं ते. भूक वाढली तसं मूठ-मूठ वाढवत गेली. बाराव्या दिवशी कालवडीची डावी कूस फुगली, ढोलासारखी. रस्त्यावर झाडं आडवी, फोन बंद. पहाटे ती गेली.

काही महिन्यांनी मी गेले तेव्हा आत्याने मला विचारलं, "तू एवढं वाचतेस, मला खरं सांग गो. वासराला पेंढा लागतो की खाद्य? माझी सासू म्हणायची, आधी गवत. पोत्यावाला म्हणतो, गवत देऊच नका, पोट सुटतं. मी कुणाचं ऐकायला हवं होतं?"

मला उत्तर येत नव्हतं. मग मी शोधायला लागले आणि लक्षात आलं, हा प्रश्न जगभरात दीडशे वर्षं चघळला गेलाय. चघळला हा शब्द इथे अगदी योग्य आहे.

आधी पोट समजून घेऊ. गाईला चार कप्प्यांचं पोट असतं हे शाळेत शिकलोय. पण जन्मलेल्या वासराला ते चार कप्पे फक्त नावापुरते असतात. त्याचं चालू पोट एकच, चौथं, आपल्यासारखं. दूध प्यायलं की अन्ननलिकेच्या तळाशी एक पन्हळ मिटते आणि दूध पहिले कप्पे टाळून थेट चौथ्यात उतरतं. मोठ्या गाईत जे पहिलं पोट सगळ्या पोटाचा जवळजवळ ऐंशी टक्के भाग व्यापतं, ते वासरात जेमतेम पाव भाग असतं. एखाद्या रिकाम्या पिशवीसारखं, गुळगुळीत आणि पातळ. त्या पिशवीचं आंबवणीचं भांडं व्हायचं, तर तिथे सुकं काहीतरी पडावं लागतं, त्यावर जंतू वाढावे लागतात. आत्याचा प्रश्न असा की ते सुकं म्हणजे नेमकं काय?

आता आपल्या किनाऱ्यावर या. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कुलाबा जिल्ह्यातल्या वासराला हा प्रश्न पडतच नव्हता. (रायगड हे नाव १९८१ चं. त्याआधी कुलाबा, आणि मुरूड-श्रीवर्धन-म्हसळा ही बाजू जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात.) कोकणातली गाय लहान, काटक. दूध दोन-तीन लिटर असलं तर लोक कौतुक करायचे. वासरू आईला प्यायचं, आणि महिन्याभरात आईच्या मागे वरकसावर जायचं. वरकस म्हणजे भात न होणारी माळाची, उताराची जमीन. तिथे आईच्या तोंडाशेजारी तोंड घालून ते कोवळे शेंडे खुडायचं, तिचा रवंथ चाटायचं. किती तंतू, किती दाणा, हे त्याचं तेच ठरवायचं. त्याच गुरांना अलीकडे कोंकण कपिला या नावाने जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली आहे. तोवर त्यांना सरकारी कागदात "गावठी" म्हणायचे.

पण या चित्राला फार गोड करू नका. कारण त्या गवतावर आणि पेंढ्यावर इतरांचे दावे होते, आणि ते वासरापेक्षा वजनदार होते.

पहिला दावा राबाचा. ज्यांना राब माहीत नाही त्यांच्यासाठी: भाताची रोपं लावायची त्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, फांद्या, गवत यांचे थर पसरायचे, वर माती टाकायची आणि जाळायचं. त्या भाजलेल्या जमिनीत रोप जोमाने येतं, तण मरतं. ठाणे-कुलाब्याचं भात या राबावर उभं होतं. १८७८ च्या कायद्यानंतर जंगलखात्याने झाडपाला तोडायला आडकाठी केली तेव्हा या दोन जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल १८८७ चा. कृषी खात्याने लोणावळा-इगतपुरीला राबाचे प्रयोग करून पाहिले, की हे खरंच गरजेचं आहे का शेतकऱ्याची खोड आहे. निघालं असं की शेतकरी खोडकर नव्हता. पण आपल्या विषयापुरतं बघा: पाला बंद झाला की राबात गवत जास्त जाणार, शेण जास्त जाणार. म्हणजे जे तोंडात जायचं ते आगीत.

दुसरा दावा मुंबईचा. हा खरा मोठा. कुलाबा जिल्ह्यातून मुंबईला काय जायचं याची जुन्या गॅझेटियरमधली यादी वाचली तर भात, मीठ, जळाऊ लाकूड, भाजी, सुकी मासळी यांच्या रांगेत निमूटपणे एक शब्द बसलेला आहे: गवत. मुंबईला गवत कशाला? घोड्यांना. १८७४ मध्ये मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली, ती १९०५ पर्यंत घोड्यांनीच ओढली. शिवाय व्हिक्टोरिया, शिवाय साहेबांचे तबेले, शिवाय लष्कर. आणि घोड्यांइतक्याच भुकेल्या म्हशी. आज आपण शहराला पेट्रोल कुठून येतं विचारतो, तेव्हाचं पेट्रोल आमच्या खाड्यांतून गलबतांत भरून जात होतं. ज्याच्याकडे वरकस होतं त्याला गवत विकून रोख पैसा मिळायचा, आणि कोकणात रोख पैशाइतकं दुर्मीळ काही नव्हतं. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या गवताची एक गंमत आहे, खरं तर गंमत नाही. विकायचं गवत वजनावर विकलं जातं, म्हणून ते पूर्ण वाढून, फुलून, बी गळून, वाळल्यावर कापायचं. ऑक्टोबरात फुलोऱ्यावर असतं तेव्हा त्यात जीव असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात कापलं की उरते काडी. घोड्याला, मोठ्या म्हशीला ती काडी चालते. वासराच्या इवल्या पोटात ती नुसती जागा अडवते.

आता त्या म्हशींकडे वळते. मुंबईच्या तबेल्यांचा इतिहास लिहायचा तर चार भाग लागतील, पण एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. म्हशी गुजरात-पंजाबाकडून व्यालेल्या आणल्या जायच्या, सोबत पारडू असायचं. शहरात दुधाला जो भाव होता त्यात पारडाला दूध पाजणं म्हणजे रोज पैसे जमिनीवर ओतणं. मग पारडू मरायचं. मुद्दाम मारलं नाही तरी मरू दिलं जायचं. पण कित्येक म्हशी पारडाशिवाय पान्हा सोडत नाहीत. त्यावर उपाय काय, तर मेलेल्या पारडाचं कातडं काढून त्यात पेंढा भरायचा, शिवायचं, आणि ते बाहुलं म्हशीपुढे ठेवायचं. ती त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते आजोबांकडून, लहानपणी, आणि रात्री झोप लागली नव्हती. आता विचार करते तेव्हा त्या बाहुल्यातला पेंढा डोळ्यांपुढे येतो. जो पेंढा कुलाब्याच्या कुठल्यातरी खळ्यावरून निघाला, धरमतरच्या खाडीतून होडीने गेला, तो शेवटी पारडाच्या पोटात गेला खरा. पण असा.

शहरातल्या तबेल्यांचं हे वास्तव पुढे सरकारी अहवालांत येत राहिलं. दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली, तबेले शहराबाहेर काढायचे हा एक हेतू, म्हशींसाठी हिरवा चारा पिकवायचा हा दुसरा. चाऱ्याच्या बाबतीत आरेने खरंच नवं काही केलं, सांडपाण्यावर पॅरा गवताची शेतं उभी केली. पारडांचं गणित मात्र फारसं बदललं नाही, कारण ते गणित दुधाच्या भावाचं होतं आणि भाव तसाच होता.

इकडे किनाऱ्यावर तिसरी गोष्ट घडत होती. खारेपाट म्हणजे अलिबाग-पेणचा खाडीकाठचा, बांध घालून समुद्राकडून हिसकावलेल्या जमिनीचा पट्टा. तिथे भात होतं, पण खोताचं. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांच्या कुळांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. चरीचा संप. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे येऊन गेले. संप सहा वर्षांच्या आसपास चालला. या संपावर आपण वेगळा भाग केलाय, त्यात भाताचं, कर्जाचं, उपासमारीचं बोललो. पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं ते आज सांगते. भात नाही म्हणजे पेंढाही नाही. खारेपाटात गोडं पाणी कमी, हिरवा चारा जवळजवळ नाही, गुरांचं सगळं पेंढ्यावर. कुळांनी त्या काळात लाकडं फोडली, मासे पकडले, मिळेल ती मजुरी केली. माणूस मजुरीला जाऊ शकतो. बैल जाऊ शकतो. वासराला दुसरा धंदा नाही. संपाची किंमत मोजताना ती मुकी बाजूही त्या गावांनी मोजली, एवढंच.

आता जरा परदेशात जाऊन येऊ, कारण आत्याच्या पोत्यावर छापलेला एक आकडा तिथून आलाय.

जर्मनीत ग्योटिंगेनजवळ वेंडे नावाचं एक ठिकाण आहे. तिथल्या प्रयोगशाळेत १८६० च्या दशकात हेन्नेबर्ग आणि स्टोमान या दोघांनी वैरणीचं पृथक्करण करायची पद्धत बसवली. वैरण आधी सौम्य आम्लात उकळायची, मग सौम्य अल्कलीत उकळायची, जे विरघळणार नाही ते जाळून राख वजा करायची. उरलं त्याचं नाव कच्चे तंतू. म्हणजे "जे पचत नाही ते". दीडशे वर्षं झाली, आपल्याकडच्या खाद्याच्या पोत्यावर आजही हाच आकडा असतो. पद्धतीत खोट आहे, हे पुढे अमेरिकेत व्हॅन सोएस्ट यांनी दाखवलं आणि १९६० च्या दशकात नवी पद्धत दिली: त्या उकळण्यात तंतूंचाच बराच भाग विरघळून जातो, त्यामुळे पेंढ्यासारखा पदार्थ कागदावर आहे त्यापेक्षा पचायला सोपा दिसतो. पण सवय मोठी वाईट, आकडा राहिला.

भारतात वासरांच्या सुरुवातीच्या खाद्यासाठी १९७० चं भारतीय मानक आहे. त्यात प्रथिनं २३ ते २६ टक्के आणि कच्चे तंतू जास्तीत जास्त ७ टक्के. "जास्तीत जास्त" या शब्दांवर बोट ठेवा. कमीत कमी किती हवेत हे त्यात नाही. का नाही? माझं मत विचाराल तर त्या सात टक्क्यांत पोषणशास्त्र आहे तेवढीच पोलिसगिरीही आहे. भात भरडला की दोन गोष्टी निघतात, कोंडा आणि तूस. कोंडा हे चांगलं खाद्य. तूस म्हणजे निव्वळ टरफल, चाळीस टक्क्यांच्या आसपास तंतू आणि सोबत बरीच वाळूचीच जात, सिलिका. तूस दळून कोंड्यात मिसळलं की डोळ्यांना कळत नाही. वजन वाढतं, पैसे वाढतात. हे पकडायचा सोपा मार्ग म्हणजे तंतूंवर वरची मर्यादा. आमच्याकडे जुनी माणसं कोंडा घेताना चिमूटभर जिभेवर ठेवून दातांखाली फिरवायची. करकर वाजली की पोतं परत. तीच ही परीक्षा, फक्त प्रयोगशाळेतली.

तयार खाद्याचा मोठा कारखाना आपल्या बाजूला आला तो १९६४ मध्ये, गुजरातेत कंजरीला, अमूलचा. ३१ ऑक्टोबरला लालबहादूर शास्त्री उद्घाटनाला आले, आदल्या रात्री एका खेड्यात मुक्काम केला आणि त्यातून पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जन्मलं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्यानंतर पोत्यातलं खाद्य हा शब्द गावोगाव पोचला. किनाऱ्यावर जरा उशिराच, संकरित गाईंबरोबर.

आणि संकरित गाय आली तेव्हाच वासराचं सगळं बदललं. आधी ते आईबरोबर वरकसावर जायचं. आता गाय दहा लिटरची, दूध मोजून काढायचं, वासरू बाजूला बांधायचं, बादलीने पाजायचं. चरायला पाठवायची गाय नाही ती, ऊन सोसत नाही. वासरासमोर जे टाकाल तेच त्याला मिळणार. निवड संपली, आणि निवड संपली की मग माणसाला अचूक असावं लागतं.

त्याच सुमारास अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात या पोटाचा उलगडा चालू होता. १९५० च्या दशकातले हे प्रयोग ऐकण्यासारखे आहेत. शतकभराची समजूत अशी होती की गवत खरखरीत असतं, ते पोटाला घासतं, म्हणून पोट वाढतं. वॉर्नर, फ्लॅट, लूसली या मंडळींनी केलं काय, तर वासराच्या पहिल्या पोटात चक्क प्लास्टिकचे स्पंज ठेवले. घासायला घासतंय, जागा व्यापतंय, पण पोषण शून्य. पोट मोठं झालं. पण आत जी बोटासारखी लव वाढावी लागते, जिच्यातून पोषण रक्तात जातं, ती वाढली नाही. मोठी, पण रिकामी पिशवी. मग त्यांनी दाण्याच्या आंबवणीतून तयार होतं ते ब्युटिरेट थेट पोटात सोडलं, आणि लव वाढली. म्हणजे पोटाचं आकारमान काडीने वाढतं, पण पोटाचं काम दाण्याने सुरू होतं.

इथे पोत्यावाल्याचं वाक्य सापडतं. "गवत देऊच नका" हे त्या प्रयोगांचं, पुढच्या पन्नास वर्षांत टोकाला गेलेलं रूप. आणि आमच्या किनाऱ्यावर त्यात तथ्यही होतं. भाताचा पेंढा म्हणजे तीन-चार टक्के प्रथिनं आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास राख, तीही बहुतेक सिलिका. नुसत्या पेंढ्यावर वाढलेलं वासरू तुम्ही पाहिलं असेल: पोट घागरीसारखं, पाठ बारीक, केस उभे आणि निस्तेज. लोक म्हणायचे "पोट भरलंय". भरलेलंच असायचं, पण न पचणाऱ्या काडीने. (निम्म्या वेळा त्यात जंतही असायचे, विशेषतः पारडांत. तो वेगळाच शाप.) तेव्हा आत्याची सासू "आधी गवत" म्हणायची ते वरकसावरच्या कोवळ्या शेंड्यांबद्दल बरोबर होतं, उडवीतल्या पेंढ्याबद्दल नव्हतं. शब्द एकच, "गवत". गोष्टी दोन.

पण मग पोत्यावाला बरोबर का? तोही अर्धाच. दाणा आंबला की आम्ल होतं. पीठ असेल तर फार वेगाने आंबतं. चघळायला काही नसेल तर लाळ कमी, आणि लाळ हाच त्या आम्लावरचा उतारा. पोटातली लव एकमेकींना चिकटते, वर कातडीसारखा थर धरते, पोटफुगी होऊ शकते. गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर पुन्हा विचार सुरू झाला तो यामुळे. २०१२ मध्ये बार्सिलोनाजवळच्या संशोधकांनी वासरांना सुरुवातीच्या खाद्याबरोबर बारीक चिरलेलं ओटचं वाळलं गवत दिलं. अपेक्षा अशी की गवताने पोट भरेल आणि दाणा कमी खातील. झालं उलट. गवताची थोडीशीच चव घेणारी वासरं दाणाच जास्त खायला लागली आणि जास्त वाढली. पौष्टिक लसूणघास दिला तेव्हा मात्र ती त्यावरच ताव मारायला लागली आणि तो फायदा दिसला नाही. म्हणजे वासराला हवी असते चिमूट, टोपली नव्हे. आणि दाणा पीठ नको, भरड हवा.

हे मी आत्याला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे म्हातारीही बरोबर आणि पोत्यावालाही बरोबर, आणि मधे माझी कालवड गेली." मी म्हटलं, आत्या, बाराव्या दिवशी डॉक्टर पोचला असता तर कदाचित वाचलीही असती, तुझ्या हातात काय होतं? ती म्हणाली, "ते राहू दे. आता काय करायचं ते सांग."

एक मार्ग पुस्तकात आहे आणि तो आमच्या किनाऱ्यावर विचित्रपणे जवळचा आहे. अलिबागजवळ थळला १९८० च्या दशकात खताचा मोठा कारखाना आला, युरियाचा. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, दाबून हवाबंद तीन आठवडे ठेवायचं, की पेंढा मऊ होतो, पचतो, प्रथिनंही वाढतात. मोठ्या जनावरांना उत्तम. पण सहा महिन्यांच्या आतल्या वासराला चालत नाही, त्याचं पोट अजून तो युरिया हाताळायला तयार नसतं. म्हणजे जो उपाय सगळ्यांना आहे, तो नेमका त्यालाच नाही. शिवाय पेंढाही आता पूर्वीइतका कुठे आहे? १९६० च्या दशकाअखेर जया आणि तिच्यासारखी बुटकी भातं आली, दाणा वाढला, काडी आखूड झाली. वरकसाचं म्हणाल तर अलिबाग-मुरूड रस्त्याने जा आणि बघा. जिथून मुंबईला गवत जायचं तिथे आता मुंबईची माणसं गवत बघायला येतात. फार्महाउसचं लॉन. आठवड्याला कापून कचऱ्यात टाकतात, वर औषध मारलेलं असतं, म्हणून तेही गुराला घालायची सोय नाही.

गेल्या दिवाळीत मी गेले होते. आत्याकडे नवी कालवड आहे, तेव्हा सात आठवड्यांची होती. गोठ्यावर आता पत्रा नाही, स्लॅब टाकलाय, कर्ज काढून. दावणीपाशी दोन घमेली. एकात भरडा: मका आणि शेंगदाण्याची पेंड जाडसर भरडलेली, गव्हाचा कोंडा, खनिज मिश्रण, चिमूटभर मीठ. बोटांत घेतलं तर कण लागतात. शेजारी पाण्याची बादली, कारण पाण्यावाचून आंबवण होत नाही हे ती मलाच ऐकवते. दुसऱ्या घमेल्यात मूठभर गवत, बोटाच्या पेरापेक्षाही बारीक कापलेलं, अजून हिरवट.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"बांधावरचं. घटस्थापनेनंतर पाऊस उघडला तेव्हाच कापलं, फुलोऱ्यावर. सावलीत वाळवलंय." मग तिने माळ्याकडे बोट दाखवलं. तिथे एक मोठी वेताची करंडी होती, वर प्लास्टिक बांधलेलं. "उडवीत नाही ठेवत आता. वारा आला तर उडवी जाईल, ही नाही जायची. एका वासराला चार महिने पुरतं एवढ्यात. लागतंच किती त्याला!"

कालवडीने आधी गवताची एक काडी उचलली, जरा वेळ तोंडात घोळवली, आणि मग भरड्याच्या घमेल्यात नाक खुपसलं.